विमानाचे कान

गडमुडशिंगीच्या भाऊसो कांबळ्यांनी आयुष्यात कधी विमान उडवलं नाही. रिमोट हातात घेतला की त्यांचे अंगठे आखडायचे. पण त्यांनी बांधलेली विमानं अशी उडायची, की माळावर गुरं राखणारी माणसं गुरं विसरायची.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आम्ही एकाच शेडमध्ये होतो. भाऊसो टूलरूमला, मी पलीकडच्या लेथवर. सुट्टीच्या दिवशी ते घरी बसून बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या कापत, त्यावर पातळ प्लॅस्टिकचं कातडं इस्त्रीनं ताणत आणि घारीहून मोठं विमान तयार करत. उडवायचं काम आकाराम पाटलाचं. आकाराम त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. थोडा ऊस, दारात म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं, एवढंच त्याचं जग. खऱ्या विमानात तो कधी बसला नव्हता. पण रिमोटच्या दांड्यांवर त्याचे अंगठे पडले की विमान त्याचं ऐकायचं.

गावाच्या उशालाच विमानतळ, त्यामुळं इथं असलं काही उडवायला बंदी. म्हणून दोघं मोटारसायकलवरून गडहिंग्लजच्या बाजूला जायचे. आकारामच्या बायकोचा, म्हणजे बनाबाईचा, भाऊ हंबीरराव तिकडचा. त्याच्या उसाला लागून मोठा माळ होता. आकाराम गाडी चालवायचा आणि मागं भाऊसो पोराला धरावं तसा पंख धरून बसायचे.

हे विमान कसं वळतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंखाच्या मागच्या कडेला, दोन्ही टोकांकडं, बिजागरीवर हलणाऱ्या दोन पट्ट्या असतात. एक वर गेली की दुसरी खाली जाते आणि वर गेलेल्या पट्टीच्या अंगाला विमान कलतं. आकाराम त्यांना कान म्हणायचा. "म्हस माशी हाकलती तसं हालवतंय बघ," असं म्हणून हसायचा. प्रत्येक कानासाठी पंखाच्या पोटात काडेपेटीपेक्षा लहान मोटर बसवतात. तिला सर्व्हो म्हणतात. सर्व्होचा हात फिरला की त्याला जोडलेली तार कानाला ढकलते नाहीतर ओढते. तारेच्या टोकाला आट्यांवर फिरणारा बारीक चिमटा असतो, तो फिरवून तार लांब-आखूड करायची.

या जोडणीत भाऊसोंचा जीव अडकलेला असायचा. उडवणाऱ्यानं दांडी सोडली की ती स्प्रिंगनं मधोमध येते, आणि त्या क्षणी दोन्ही कान पंखाच्या रेषेत आले पाहिजेत. ते कडेवरून नख फिरवून बघायचे. नख कुठं अडलं की चिमटा काढायचा, अर्धा आटा फिरवायचा, परत लावायचा. शालूबाई, त्यांची बायको, जेवायला हाका मारून दमायची.

"सरळ बसलंय की आता!" ती म्हणायची.

"बसंल, बसंल," भाऊसो म्हणायचे, आणि परत नख फिरवायचे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ते दोघं नवं विमान घेऊन माळावर गेले. पाऊस सरला होता, गवत पिवळं पडायला लागलं होतं. आकारामनं उडवण्याआधी नेहमीसारखे कान तपासले. सावकाश एकीकडं, सावकाश दुसरीकडं, परत एकदा तसंच, आणि शेवटी एक झटक्यात हिसका. तो हिसका त्याचाच. मग त्यानं विमान सोडलं.

भाऊसो त्याच्या पुढं, त्याच्याकडं पाठ करून उभे होते. वर बघत होते. सुरुवातीला विमान जरा हललं, वाऱ्याला नाक लावलं, आणि मग एकदम शांत झालं. मोठी रुंद फेरी घेत चाललं. ऊन पंखातून आरपार येत होतं आणि आतल्या फासळ्या दिसत होत्या.

"आज हात लई थिर हाय गा तुझा," भाऊसो म्हणाले.

आकाराम उडवताना कधी बोलत नसे. त्यामुळं उत्तर आलं नाही याचं भाऊसोंना काही वाटलं नाही. ते बघत राहिले. असं उडताना त्यांनी आपलं विमान कधी बघितलं नव्हतं. मान दुखायला लागली तेव्हा "आता उतरीव" म्हणायला ते मागं वळले.

आकाराम गवतात बसला होता. मान छातीवर पडलेली. रिमोट मांडीत. दोन्ही हात बाजूला मोकळे.

वर विमान तसंच चाललं होतं.

हंबीररावाच्या जीपमधून त्याला गडहिंग्लजच्या दवाखान्यात नेलं. माळावरच सगळं संपलं होतं. विमानाकडं कुणी बघितलं नाही. विमान ओढणाऱ्या मोटरची दांडी मात्र ठेवली तिथंच राहते, ती काही स्प्रिंगनं मागं येत नाही. म्हणजे कान सरळ असल्यानं बॅटरी उतरेपर्यंत ते लागलेल्या फेरीतच फिरत राहिलं असणार आणि मग कुठंतरी उसात पडलं असणार.

बनाबाई गावाहून आली ती थेट दवाखान्याच्या दारात. भाऊसो तिथं भिंतीला टेकून उभे होते. ती आधी त्यांच्याकडं आली.

"तुम्ही तिथंच हुतासा न्हवं?"

"व्हय वैनी."

"मग काय करत हुतासा?"

भाऊसोंनी खाली बघितलं. तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि आत गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. दिवसकार्याला ते अंगणात बसून आले. तिनं दारातून एकदा बघितलं, तेवढंच. रिमोट कुठं गेला हे त्यांना फार उशिरा आठवलं. माळावर जाऊन त्यांनी गवत पालथं घातलं. मिळाला नाही. कुणीतरी उचलून नेला असेल म्हणून ते परत आले.

खरी पीडा पुढं सुरू झाली. रात्रीची झोप उडाली असती तर एक वेळ बरं होतं, पण भाऊसोंना भर दिवसा, जेवताना, बाजारात भाजी घेताना ते विमान दिसायचं. शांत, सरळ, रुंद फेरी घेणारं. आपण "हात थिर हाय" म्हणालो तेव्हा दांडीवर हातच नव्हता. आपण ज्याचं कौतुक करत होतो, ते कुणीच उडवत नव्हतं.

एकदा मी त्यांच्याकडं गेलो होतो, तेव्हा ते मला म्हणाले, "वाकडं बसवलं असतं तर? कान जरा जरी खाली असता, तर हात सुटल्या सुटल्या इमान कलंडलं असतं. मी वरडलो असतो. मागं बघितलं असतं. आरं, मी इतकं सरळ बसवलं की त्यानं हात सोडलेला मला कळला न्हाय."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदयाचा झटकाच एवढा मोठा होता, शेजारी कुणी असतं तरी काही झालं नसतं. मी तेच म्हटलं. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, मी गप्प बसावं म्हणून.

उसाला तोड आली तेव्हा हंबीररावाच्या फडात तोडकऱ्यांना विमान सापडलं. हंबीरराव ते पोत्यात घालून भाऊसोंच्या दारात आला. "आक्काकडं न्यायचं धाडस झालं न्हाय," तो म्हणाला. "तुमचं हाय, तुम्ही बघा काय करायचं ते." चहा न घेता निघून गेला.

शालूबाई म्हणाली, "माळ्यावर टाका." भाऊसो हो म्हणाले. पण पोतं आठवडाभर बाहेरच्या सोप्यात तसंच राहिलं आणि एका दुपारी त्यांनी ते उघडलं. नाक मोडलं होतं, शेपूट नव्हतं. पंख मात्र बऱ्यापैकी शाबूत होता. कातडं फाटलेलं, उजवा कान लोंबकळत, सर्व्होंच्या दातांत चिखल वाळलेला. त्यांनी चिखल टोकरायला घेतला. पुढचं त्यांच्या हातांनी आपणहून केलं, असं ते सांगतात. कातडं सोललं. जुने सर्व्हो काढले. नवे आणले, खाचेत बसवले, स्क्रू आवळले. कानाला नवी बिजागरी. कानाखाली तार अडकवायचं प्लॅस्टिकचं शिंग. रिमोट नव्हता, म्हणून सर्व्होचा हात मध्यावर आणायची छोटी डबी मिळते ती वापरली. तारा कापल्या, वाकवल्या, चिमटे लावले. आणि सवयीनं कडेवरून नख फिरवलं. कुठंही अडलं नाही. तेव्हा त्यांना भडभडून आलं. ते पंख टाकून उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

मग राहिला रिसीव्हर. रिमोटचा निरोप हवेतून घेणारा, बोटाच्या पेराएवढा तुकडा. एका रिमोटशी त्याची एकदा गाठ मारली की तो दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. हा रिसीव्हर आकारामच्या रिमोटशी बांधलेला. उसाच्या चिखलात महिनोन् महिने पडलेला. जिवंत आहे का एवढंच बघावं म्हणून भाऊसोंनी त्याला दोन्ही सर्व्हो जोडले आणि बॅटरी लावली. बारीक लाल दिवा लुकलुकायला लागला. आपला रिमोट सापडत नाही तोवर तो असाच लुकलुकतो. जिवंत होता तर. दिवेलागण झाली होती. भाऊसो बॅटरी काढायला वाकले.

दिवा लुकलुकायचा थांबला. स्थिर झाला.

सर्व्हो बारीक आवाज करत फिरले. कान हलले. सावकाश एकीकडं, सावकाश दुसरीकडं. परत एकदा तसंच. आणि शेवटी झटक्यात एक हिसका.

भाऊसो जागचे हलले नाहीत. कान पंखाच्या रेषेत येऊन थांबले. जरा वेळानं दिवा पुन्हा लुकलुकायला लागला.

त्यांच्या घरात भूतखेत कुणी मानत नव्हतं. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवसुद्धा नदीत सोडले, भुतांची काय कथा. कुणी अंगात आल्याचं सांगितलं की भाऊसोच हसायचे. पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी परत बॅटरी लावली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. कधी जरा आधी, कधी जरा नंतर, पण शेवटी तो हिसका ठरलेला. ते कुणाला बोलले नाहीत. दिवसभर संध्याकाळची वाट बघायची आणि संध्याकाळ झाली की बॅटरी लावायला भ्यायचं. एकदा तर त्यांनी पंखाजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हणाले, "आकाराम, चुकलं गा माझं."

हे शालूबाईनं ऐकलं. ती दारात चहा घेऊन उभी होती. तिनं कप खाली ठेवला, शेजारी येऊन बसली. कान हलले, हिसका बसला, थांबले. तिनं सगळं नीट बघून घेतलं.

"कवापासनं चाललंय हे?"

"लई दिस झालं."

"रिमोट चालू केलाय कुणीतरी."

"रिमोट हरावलाय. आन् तो हिसका बघितलास न्हवं? आकारामशिवाय कुणाला म्हाईत न्हाय तो."

शालूबाईनं पंखाकडं परत एकदा बघितलं. मग म्हणाली, "त्येला रोज बघणाऱ्याला म्हाईत असंल की. धारा काढून झाल्यावर आकारामभावजी रिमोट घिऊन कट्ट्यावर सराव करत बसायचं. समोर कोण बसायचं?"

भाऊसोंनी बॅटरी काढली. बनाबाईचं घर दोन गल्ल्या सोडून. त्या अंगणात त्यांचं पाऊल दिवसकार्यानंतर पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते गेले. म्हशी रवंथ करत होत्या. दार अर्धं उघडं होतं. आतून 'टीं' असा आवाज आला. रिमोट चालू झाल्याचा. हा आवाज त्यांनी हजार वेळा ऐकला होता.

बनाबाई आकारामच्या खाटेच्या कडेला बसली होती. मांडीत रिमोट. दोन्ही अंगठे दांड्यांवर. ती डोळे मिटून दांडी सावकाश एका अंगाला नेत होती.

"वैनी," भाऊसो दारातून म्हणाले.

तिनं दचकून रिमोट पदराखाली घेतला. मग कोण आहे ते बघून बाहेर काढला.

"जीपमध्ये सापडला मला," ती म्हणाली. "ह्येच्यावर त्येंच्या अंगठ्याचं वळ पडल्यात. तितं माझं अंगठं ठेवतो मी. दुसरं काय बी करत न्हाय. कुणाचं काय जातंय?"

कोल्हापूरकडच्या बायका 'ठेवतो' म्हणतात, तशीच ती म्हणाली.

"जात न्हाय काय," भाऊसो म्हणाले. "पर वैनी, माझ्याकडं पंख हाय. हंबीरराव घिऊन आलता. तुम्ही हितं हालवतासा, ते तितं हालतंय."

तिला आधी कळलंच नाही. त्यांनी परत सांगितलं. मग तिनं रिमोट खाटेवर ठेवला, निखारा ठेवावा तसा.

"मी तर इमान मेलं असंच समजत हुतो," ती म्हणाली. बाहेर एक म्हैस फुरफुरली. "त्या दिवशी इचारलं तवा बोलला न्हाईसा. काय करत हुतासा?"

"वर बघत हुतो," भाऊसो म्हणाले. "इमानाकडं. लई चांगलं उडत हुतं. त्येचा हात सुटला म्हणून ते चांगलं उडत हुतं, आन् मला वाटलं त्योच उडवतोय. माझी पाठ हुती त्येच्याकडं."

बनाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. रागावली नाही, रडली नाही. "जावा आता," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून पंख हलायचा थांबला. भाऊसो रोज बॅटरी लावायचे. दिवा लुकलुकत राहायचा. हलत होता तेव्हा भीती वाटायची, आता हलत नाही म्हणून जीव कासावीस व्हायचा. आपण एका बाईचं होतं नव्हतं ते काढून घेतलं, असं त्यांना वाटायला लागलं. शालूबाई म्हणायची, बॅटरी लावू नका. ते लावायचे.

मग एका सकाळी बनाबाई त्यांच्या दारात आली. इतक्या वर्षांच्या दोस्तीत ती या घरी कधी आली नव्हती. आकाराम यायचा, जेवायचा. ती मात्र कोपऱ्यावरूनच परत फिरायची. आता उंबऱ्यात थांबली. शालूबाईनं "या की आत" म्हटल्यावर आली, चटईवर बसली आणि पिशवीतून रिमोट काढला.

"दावा मला," ती म्हणाली.

भाऊसोंनी पंख तिच्यासमोर ठेवला, बॅटरी लावली. तिनं रिमोट चालू केला. अंगठा ठेवला आणि दांडी हलवली. कान वर गेला, दुसरा खाली. तिच्या तोंडून "आगं आई" निघालं. दचकून तिनं दांडी सोडली, तसे दोन्ही कान पंखाच्या रेषेत येऊन बसले.

ती वाकून त्या सरळ कडेकडं बघत राहिली.

"हात सोडला की हे असं हुतंय?"

"व्हय."

"आपणहून?"

"आपणहून न्हाय. मी तसं बसवलंय."

तिनं परत दांडी हलवली आणि मुद्दाम सोडली. परत तेच. मग एकदम तिचा आवाज चढला. "असं नगा ठेवू. माणूस गेल्यावर ह्येनं सरळ कशाला व्हायाचं? त्येला कळाया नगं?"

भाऊसो उठले. उजव्या कानाचा चिमटा त्यांनी सोडवला, आट्यांवर फिरवत फिरवत तार आखूड केली आणि परत अडकवला. कान खाली झुकून राहिला. वाकडा. साध्या डोळ्यांना दिसण्याइतका वाकडा. आयुष्यात असं काम त्यांनी हातातून जाऊ दिलं नव्हतं.

"आता कुणी हात सोडला तर इमान लगीच कलंडंल," ते म्हणाले.

बनाबाईनं तो झुकलेला कान बोटानं चाचपला. शालूबाईनं चहा आणला. बनाबाईनं तो घेतला, बशीत ओतून सगळा प्याली. जाताना रिमोट पिशवीत घातला आणि दारात वळून भाऊसोंना म्हणाली, "मी लावत जाईन कवातरी. तुम्ही बघत बसू नगा. मला कुणी बघत असलं की जमत न्हाय."

भाऊसोंनी शब्द दिला. पाळला का, ते मी विचारलं नाही. पंखाला पुढं धड किंवा शेपूट त्यांनी जोडलं नाही. तो सोप्यात खुंट्यांवर आडवा ठेवलेला असतो, बॅटरी लावलेली असते एवढं मी बघितलंय.

विमानं उडवणारी नवीन माणसं अजून त्यांच्याकडं पंख घेऊन येतात. त्यांचे कान ते पूर्वीसारखे बसवून देतात, सरळ. कधीकधी कुणी आग्रहानं त्यांना माळावर नेतं. मागच्या महिन्यात मीही गेलो होतो. विमान वर गेलं, सगळ्यांच्या माना वर झाल्या. भाऊसो मात्र उडवणाऱ्याच्या समोर, हातभर अंतरावर उभे राहिले आणि त्याच्या तोंडाकडं टक लावून बघायला लागले. तो बिचारा अवघडला.

"काका, तिकडं बघा की. कसलं भारी चाललंय!"

"तू उडीव," भाऊसो म्हणाले. "आन् मधनंमधनं बोलत ऱ्हा."